पायलटची डावी बाजू

आमच्या डेपोत माझ्या दादाला कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला पायलट म्हणतात. कर्कश हॉर्न नाही, अंगावर येणारा ब्रेक नाही, वळणावर उभ्या म्हातारीलाही दांडा घट्ट धरावा लागत नाही, अशी त्याची गाडी. मी त्याच डेपोत खिडकीमागे बसते. कुठल्या ड्रायव्हरला कुठली गाडी, सकाळपाळी कुणाची, सुट्टी कुणाची, हे लावायचं काम माझं. त्यामुळे तू पायलट असलास तरी तुझं विमान माझ्या परवानगीने उडतं, असं मी त्याला चिडवायचे. तो मला ठमी म्हणायचा. माझी चाळिशी कधीच उलटली, केस रंगवायला लागले, तरी डेपोच्या भरल्या आवारात "ए ठमे" अशी हाक आली की नवे कंडक्टर तोंड फिरवून हसायचे.

आम्ही दोघं लहानपणापासून टेबल टेनिस खेळतो. सुरुवात घरच्या जेवणाच्या टेबलावर झाली. मध्ये जाळी म्हणून बाबांची जाडजूड पुस्तकं ओळीने उभी करायची आणि आईने ताटं आणली की गुपचूप आवरायची. पुढे डेपोच्या कँटीनमागे खरं टेबल आलं, आणि आमची मिश्र दुहेरीची जोडी तिथे जमली ती जमलीच. दादाचा बॅकहँड बघायला लोक हातातलं काम टाकून यायचे. परिवहन कामगारांच्या स्पर्धा दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावी असतात. या वर्षी त्या नदीकाठच्या एका जुन्या शहरात होत्या.

डेपोची लहान बस घेऊन आम्ही निघालो. वर्कशॉपमधले दोन तरुण मेकॅनिक होते, ते कायम एकत्र असतात म्हणून त्यांना नट आणि बोल्ट म्हणतात. दुसरा ड्रायव्हर मास्तर होता. डेपोत येण्याआधी तो ड्रायव्हिंग शाळेत शिकवायचा, म्हणून मास्तर. जाताना निम्मा रस्ता मास्तरने चालवला आणि निम्मा दादाने. दादा चाकावर बसला आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपले. तो चालवत असला की मला झोप लागते. तेव्हा तरी लागायची.

स्पर्धेच्या हॉलवर नावं नोंदवायला गेलो तेव्हा कळलं, आमचा पहिला सामना दुपारी होता. सकाळ मोकळी. टेबलामागच्या बाईंनी आमच्या गळ्यात ओळखपत्रं अडकवली आणि म्हणाल्या, "आमचं गाव पायी फिरायचं आहे. नदीकाठी आणि पुलापलीकडे गाड्यांना जाऊच देत नाहीत."

"म्हणजे इथे माझं पोट भरायचं नाही," दादा म्हणाला. बाई हसल्या. दादा कुठेही गेला की पाच मिनिटांत तिथला होतो.

नट आणि बोल्ट सरावाला थांबले, मास्तर खोलीवर जाऊन आडवा झाला. आम्ही दोघं बाहेर पडलो. थंडी होती, पण ऊन स्वच्छ पडलं होतं. नदी शहराला वळसा घालून जात होती आणि तिच्या कडेने दगडी फरसबंदीचा रुंद रस्ता होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उंच, अरुंद घरं, खालच्या मजल्यावर दुकानं. घड्याळं दुरुस्त करणारा, चष्मेवाला, पिंजऱ्यात पोपट ठेवलेला न्हावी. पाण्यात लांबट होड्या बांधून ठेवल्या होत्या, काहींच्या टपावर कुंड्या मांडलेल्या, दोरीवर कपडे वाळत घातलेले. दादाला फार मजा वाटत होती. "आयुष्यभर गावं काचेतून बघितली," तो म्हणाला, "एकदा पायांनी बघून घेऊ."

मी त्याच्या डावीकडून चालत होते आणि तो सारखा माझ्या अंगावर येत होता. दोनदा मी पाण्याच्या कठड्याला टेकले. "अरे, नीट चाल की. बस नाहीये ही, लेन बदलायला," मी म्हणाले. तो "सॉरी, सॉरी" म्हणाला आणि पुन्हा तसाच चालायला लागला. शेवटी मीच उजवीकडे गेले. मग तो रस्त्यात रोवलेल्या एका लोखंडी खुंटाला धडकला. गुडघा चोळत हसला, म्हणाला, "गाड्या नाहीत तर खुंट कशाला रोवलेत?" पुढे एका दुकानाबाहेर चित्रांच्या कार्डांचा फिरता स्टँड होता. तो त्याच्या डाव्या खांद्याला लागून आडवाच झाला. कार्डं फरसबंदीवर पसरली. दुकानदारीण बाहेर आली. तिच्याकडे बघून दादाने कान पकडले, खाली बसून कार्डं वेचली, वर आईला म्हणून एक विकत घेतलं. पण मी बघत होते. त्याच्या अगदी डाव्या पायाजवळ तीन-चार कार्डं पडली होती आणि तो ती सोडून उठला. मला वाटलं, कंटाळा केला. मी ती उचलून दिली.

जुना पूल ओलांडला की चौक लागतो आणि चौकात घड्याळाचा मनोरा. वर जायला आतून गोल जिना आहे. मी म्हणाले, "चल, वरून सगळी नदी दिसत असेल."

"तू जा. माझे गुडघे आत्ता संपवले तर दुपारी काय करू? मी इथे उन्हात उभा राहतो."

मी एकटीच वर गेले. जिना अंधारा आणि पायऱ्या झिजलेल्या, भिंतीला हात लावत लावत चढावं लागत होतं. वर पोचल्यावर वारा लागला आणि खरंच सगळं दिसलं: नदीचं वळण, तिच्यावरचे तीन पूल, लाल-करड्या छपरांची दाटी, लांबवर आमच्या स्पर्धेचा हॉल. मी कठड्यावरून खाली वाकून दादाला शोधलं. तो चौकाच्या मधोमध तोंड वर करून उभा होता. मी हात हलवला. त्याला मी दिसले. त्यानेही हात हलवला.

तेवढ्यात त्याच्या डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला सामानाची पेटी लादून उतारावरून भरधाव आला. वरून मला गल्लीही दिसत होती आणि दादाही. सायकलवाला घंटी वाजवत होता, ती मला इतक्या वर ऐकू येत होती. चौकातली माणसं बाजूला झाली. दादा जागचा हलला नाही. घंटी ऐकून त्याने मान वळवली, पण उजवीकडे. मी ओरडले. वाऱ्यात माझा आवाज कुठच्या कुठे गेला असेल. सायकलवाल्याने अगदी शेवटच्या क्षणी चाक वळवलं, पेटी दादाच्या बाहीला घासून गेली, आणि तेव्हा कुठे दादा दचकला. अंगाला लागल्यावर.

मी कशी खाली आले ते आठवत नाही. पोचले तेव्हा तो बाही झटकत होता.

"तुला दिसला नाही तो?"

"दिसला की. मला वाटलं तो थांबेल."

"तो डावीकडून येत होता आणि तू उजवीकडे बघत होतास."

"ठमे, वरून तुला काय दिसतंय? आवाज घुमतो या चौकात." मग लगेच म्हणाला, "चल, चहा पिऊ. आणि उगाच चेहरा पाडू नकोस, सामना आहे."

 चहा पिताना त्याने खिशातून एक छोटी बाटली काढली आणि मान मागे टाकून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. ती बाटली मी डेपोतही बघत होते. धुळीने डोळे चुरचुरतात, असं तो सांगायचा, आणि रस्त्यावरच्या धुळीत दिवस काढणाऱ्या माणसाने तसं सांगितलं तर कुणाला काय वाटणार?

पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. समोरची जोडी नवखी होती, घाबरून सगळे चेंडू टेबलाच्या मध्यावर टाकत होती. दादा गमती करत खेळला, नट आणि बोल्टने शिट्ट्या मारल्या. माझ्याही मनातलं मळभ थोडं गेलं. म्हटलं, आपलंच काहीतरी होतं.

दुसरा सामना संध्याकाळच्या आधी लागला. समोर एक उंच तिकीट तपासनीस बाई होती, माझ्याहून वयाने मोठी, पांढरे केस आखूड कापलेले, आणि तिच्या जोडीला एक बुटका क्रेनवाला, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा. दोघं शांत खेळायची. पहिला गेम आम्हीच घेतला. दुसऱ्या गेमच्या मध्यावर त्या बाईने एक चेंडू दादाच्या डाव्या कोपऱ्यात टाकला. सरळ, साधा चेंडू होता, जोरही नव्हता. दादाच्या बॅकहँडला असा चेंडू म्हणजे ताटात वाढलेला घास. त्याची बॅट हललीच नाही.

बाईने जोडीदाराकडे बघितलं. पुढचा चेंडू पुन्हा तिथेच. पुन्हा बॅट हलली नाही, किंवा हलली ती चेंडू मागे गेल्यावर.

दुहेरीत एक चेंडू मी मारायचा, एक त्याने. त्याच्या पाळीचा चेंडू मी मारू शकत नाही, मारला तर पॉइंट जातो. मी बाजूला सरकून जागा करून द्यायची आणि बघत राहायचं. मी बघत होते. चेंडू डावीकडे, चेंडू डावीकडे, पुन्हा डावीकडे. दादा टेबलाच्या आणखी डावीकडे सरकून उभा राहायला लागला, मान तिरकी करून, कान देऊन ऐकल्यासारखा. मग त्यांनी एखादा उजवीकडे टाकला आणि तो तिथे पोचला नाही. नट आणि बोल्टच्या शिट्ट्या बंद झाल्या. कुणीतरी मागे म्हणालं, "पायलट दमला वाटतं."

गेम बदलताना मी टॉवेल देत हळूच म्हणाले, "डावीकडे देतायत."

"दिसतंय मला," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आम्ही हरलो. हस्तांदोलन झालं. दादाने क्रेनवाल्याच्या पाठीवर थाप मारली, त्या बाईला म्हणाला, "छान खेळलात," आणि बॅट पिशवीत टाकून कपडे बदलायला निघून गेला.

मी बाकावर बुटाची नाडी सोडत बसले होते तेव्हा ती बाई येऊन शेजारी बसली. 

"भाऊ आहेत ना तुमचे?"

"हो."

"काय काम करतात?"

"बस चालवतो."

तिने नुसती मान हलवली. मग म्हणाली, "खेळात असं करावं लागतं, राग मानू नका. जिथे कच्चं दिसलं तिथे मारायचं. पण तो बॅकहँड कच्चा नाहीये. त्यांना तो चेंडू दिसतच नव्हता. तुम्हाला माहीत असेल, म्हणून बोलले."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"अरे देवा," ती हळू आवाजात म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठून गेली.

दादा बाहेर आला तेव्हा अगदी नेहमीसारखा होता. म्हणाला, "हरलो तर हरलो. आता मोकळे झालो. होडीतून फिरवतात म्हणे इथे, चल." मी त्याच्याबरोबर गेले. घाटावरून होडीत उतरायला फळी टाकली होती. फळीवर पाय ठेवण्याआधी तो थांबला, पूर्ण अंगाने डावीकडे वळला, मग उजवीकडे, मग पाय टाकला. सकाळपासून तो असाच वळत होता. मला वाटत होतं तो गाव बघतोय.

होडीत आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं होतं, ते पुढे बसलं. आम्ही मागच्या बाकावर. होडी पुलाखालून गेली, पाण्यातल्या उजेडाच्या रेषा दगडी कमानीवर हलत होत्या. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले, हात वर केला आणि त्याच्या कानाशेजारी बोटं नाचवली. तो समोर बघत राहिला. मी हात पुढे आणला, आणखी पुढे, जवळजवळ नाकासमोर. तेव्हा त्याने माझं मनगट धरलं.

"खेळ झाला असेल तर पुरे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

त्याने माझं मनगट सोडलं. मग त्याने सांगितलं. काचबिंदू होता. वर्ष होऊन गेलं होतं कळून. दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता, एकटाच. डाव्या डोळ्याने आता नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं, मधलं तेवढं. उजव्याचीही नाकाकडची बाजू कमी होत चालली होती. जे गेलं ते परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकलं तर टिकलं.

"आणि डेपोची तपासणी? दरवर्षी होते ना?"

"भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगतात. समोरची अक्षरं मला मुंगीएवढी असली तरी दिसतात. कडेचं कुणी विचारलं नाही."

"तूही सांगितलं नाहीस."

"नाही."

"वहिनीला?"

"तिला सांगून काय? रडेल. मग तुला सांगेल."

मला राग यायला हवा होता. तो आला नाही.  मला त्याची गाडी दिसायला लागली. गाडीचं दार डावीकडे. चढणारी माणसं डावीकडे, उतरणारी डावीकडे, फुटपाथवरून अचानक रस्त्यावर येणारी पोरं डावीकडे. गेल्या पावसाळ्यात त्याने एका फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. अरुंद गल्ली म्हणून कुणी काही बोललं नव्हतं. मीच त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी लावली होती, मूड जाऊ नये म्हणून.

"तो खांब," मी म्हणाले.

"तो खांब कुठून आला मला कळलंच नाही," तो म्हणाला. "पण तेव्हापासून मी जपतो, ठमे. दोन्ही आरसे मोठे बसवून घेतलेत. प्रत्येक स्टॉपवर मान वळवून बघतो. कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी हलवत नाही. आधी निष्काळजी होतो, आता काळजीने चालवतो."

"आज सायकलवाल्याने घंटी दिलीच होती."

 होडी वळली. पुढची म्हातारी नवऱ्याला काठावरचं कुठलंसं घर दाखवत होती, आणि नवरा "कुठे, कुठे" म्हणत होता.

"मला अजून थोडे दिवस दे," दादा म्हणाला. "तू काही करू नकोस. नुसती रोजच्यासारखी ड्युटी लाव. बाकी मी बघतो."

"काय बघतोस?"

बोलून गेल्यावर मला माझी जीभ चावावीशी वाटली. तो मात्र हसला. वाईट हसला. "मी दुसरं काय करणार सांग ना. मला दुसरं काही येतं का? डेपोत मला झाडू मारायला लावतील, मी मारीनही. पण कुणी नवा पोरगा माझी गाडी बाहेर काढेल आणि मी बाजूला उभा राहून हात दाखवणार, ये, ये, सरळ ये. तू माझी पार्टनर ना?"

"टेबलावर," मी म्हणाले.

होडी घाटाला लागली. त्याने उतरताना माझा हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी नट उपांत्य फेरीत हरला आणि आमचं निघायचं ठरलं. दुपारची वेळ होती. बस हॉलसमोर उभी होती, सामान चढवून झालं होतं. जाताना जसं केलं तसंच येताना, असं आधीच बोलणं झालं होतं. फक्त या वेळी पहिला निम्मा रस्ता दादाचा होता. मी सकाळपासून त्याच्याशी एकांतात बोलायची वाट बघत होते आणि तो एकांत मिळू देत नव्हता. सतत कुणाच्या तरी खांद्यावर हात, कुणाशी तरी थट्टा. मला वाटत होतं, तो आपणहून मास्तरला म्हणेल, तूच चालव. शेवटपर्यंत वाटत होतं.

तो पुढच्या दाराने चढला आणि चाकावर बसला. आरसे नीट केले. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती, दमदाटीही होती, आणि भीती होती. हॉलसमोरच्या रस्त्याच्या डाव्या कडेला मुलांची एक रांग चालली होती, शाळेची असावी, एकमेकांचे हात धरून.

मी मास्तरकडे वळले. "मास्तर, तुम्ही बसा ना पुढे. दादाचा खांदा कालपासून दुखतोय. सांगत नाहीये तो."

"माझा खांदा ठीक आहे," दादा म्हणाला.

"दुखतोय त्याचा," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण बोल्टने कानातली वायर काढून आमच्याकडे बघितलं.

मास्तर भला माणूस. "अरे पायलट, मग बोलायचं की. ऊठ. काल त्या बाईने तुला डावीकडे पळवून पळवून मारलं, तेव्हाच मला वाटलं, खांदा गेला याचा."

सगळे हसले. दादा क्षणभर चाक धरून बसून राहिला. मग उठला, माझ्या बाजूने अंग चोरून गेला आणि अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसला.  मला त्या दिवशी झोप लागली नाही, मास्तर चांगलं चालवत होता तरी.

घरी आल्यावर मी खांद्याचंच कारण पुढे करून त्याला काही दिवस सुट्टी लावली. डेपोच्या साहेबांना सांगायला मी दोनदा त्यांच्या केबिनपर्यंत गेले आणि दारावरची पाटी वाचून परत आले. सांगितलं असतं तर त्याचं चाक मी काढून घेतलं असं झालं असतं. नाही सांगितलं तर कुणाच्या तरी पोराचा जीव. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी मी विचारच करत होते. रोज वाटायचं, आज तो येईल आणि म्हणेल, झालं, सांगितलं मी.

तो आला तो युनिफॉर्म घालून. सकाळपाळीची गर्दी होती, खिडकीसमोर ड्रायव्हर-कंडक्टरांची रांग. तो रांगेत उभा राहून पुढे आला.

"माझी गाडी?"

"नाही लावली."

"खांदा बरा झालाय."

"दादा."

"सगळे ऐकतायत, ठमे," तो हळू म्हणाला. "लाव."

 मी फक्त मान हलवली, नाही म्हणून. मागून कुणीतरी म्हणालं, "काय झालं, पायलट, बहिणीने लायसन जप्त केलं का?" त्याने मागे वळून बघितलं नाही. तो खिडकीच्या लाकडी कडेवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. ते हात माझ्या हातांपासून वीतभर अंतरावर होते. मी ते धरले असते तर त्याने झटकले असते, म्हणून मी धरले नाहीत. मग तो बाजूला झाला आणि साहेबांच्या केबिनकडे चालत गेला. दार बंद झालं. रांग पुढे सरकली, मी गाड्या सांगत राहिले. चुकून एकाला दोन गाड्या लावल्या.

त्याने आत काय सांगितलं मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या मागोमाग साहेब आले, त्याच्या पाठीवर हात होता. तो माझ्या खिडकीवरून गेला, पण आत बघितलं नाही.

वहिनी त्याच दिवशी आली. आधी म्हणाली, "ताई, तुम्हाला कळल्या कळल्या मला फोन का नाही केलात? वर्षभर तसाच जात होता तो, काही झालं असतं म्हणजे?" आणि मग रडता रडता म्हणाली, "थोडे दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? सगळ्यांसमोर परत पाठवलंत त्याला." दोन्ही तिने मनापासून म्हटलं. 

तिच्याबरोबर मी डॉक्टरांकडेही गेले. दादा आत होता, आम्हाला नंतर बोलावलं. मी ऑपरेशनचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, करता येईल, पण आहे तेवढं टिकवायला. गेलेलं आणता येत नाही. लवकर आला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि दुसरी बाटली लिहून दिली.

डेपोने त्याला झाडू मारायला लावलं नाही. त्याचा आवाज चांगला आहे म्हणून त्याला घोषणांच्या काचेच्या खोलीत बसवलं. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा आहे, कुणाचं मूल हरवलं आहे, हे तो दिवसभर सांगतो. प्रवाशांना आवडतं. शब्द स्पष्ट, घाई नाही. त्याचा आवाज माझ्या खिडकीवरच्या भोंग्यातूनही येतो, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्यालाच ऐकते. माझ्याशी मात्र तो कामापुरतं बोलतो. "पलीकडची गाडी बदलली का?" एवढंच. मला ठमी म्हणत नाही. कँटीनमागच्या टेबलावर नट आणि बोल्ट खेळतात. त्यांनी मला दोनदा बोलावलं, मी गेले नाही.

परवा मीच त्याच्या खोलीत चहा घेऊन गेले. तो माइकसमोर बसला होता, काचेपलीकडे गाड्या आत येत होत्या. मी कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवला, हाताला सहज लागेल असा. त्याला कळलं मी तिथे का ठेवला ते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. कप उचलला, टेबलाच्या डाव्या कडेला नेऊन ठेवला, बोटांनी कड चाचपून, नीट आत सरकवून.

"अजून काही?" तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

त्याने माइक चालू केला आणि सुटणाऱ्या गाडीची घोषणा करायला लागला. मी माझ्या खिडकीकडे परत आले. रांग लागली होती.